डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांचे चरित्र

स्पर्शजन्य रोगाची वार्ता वेळीच कळविणे हा शेजारधर्म होय. तो निर्भयपणे पाळणाऱ्या एका वैद्याची हकिगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

अकासिओ व्हिएगस ह्यांचा जन्म सन 1856 मध्ये गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते मांडवी भागात वैद्यकी करू लागले. ते म्युनिसिपालिटीचे सभासदही होते. मांडवी ही बंदराजवळची, धान्याच्या वखारींची व दाट वस्तीची पेठ होती.

सन 1896 च्या सप्टेंबरात तेथील रोग्यांस कडक ज्वर येई, जांघेत गाठ उठे व थोड्याच दिवसांत मृत्यू येई. हा प्लेग आहे असे डॉक्टरांनी ओळखिले. ते नाव उच्चारिले असता शहरात घबराट होईल व व्यापार बसेल हे उघड होते. तरी त्यांनी ते म्युनिसिपालिटीस सांगितले. पुढे तज्ज्ञांच्या तपासात त्यांचे निदान खरे ठरले. तोवर रोग्यास उचलणारे, त्याची शुश्रूषा करणारे व प्रेत वाहणारे ह्यांस आपण कशास हात लावीत आहो हे ठाऊक नव्हते. सेवा करणाऱ्यांस धोका केवढा, हे सावित्रीबाई फुले ह्यांच्या मरणावरून कळते. रोग्यांची सेवा करिता करिता त्या 10 मार्च 1897 रोजी पुण्यास प्लेगानेच वारल्या.

हाफकिन साहेबांनी मुंबईस लस तयार केली व 1897 च्या जानेवारीत प्रथम स्वतःस टोचून घेतली. व्हिएगसांनी सुमारे 18,000 लोकांस आपल्या हाताने ती टोचली असे सांगतात.

सरकारी झडत्या मात्र कठोर होत्या. आपले माणूस ओढून नेतील ह्या भीतीने पुष्कळांनी रोगी लपविले व रोग अधिकच पसरला. म्हणून सांगणाऱ्याने निर्भय असावे, तसे ऐकणाऱ्याने दयाळू असावे, असे आम्हांस वाटते.

डॉक्टर सन 1933 मध्ये वारले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे.

वाचकहो, आपल्या घरी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली, तर घरात क्षय, गोवर अथवा दुसरा स्पर्शजन्य रोग असल्यास ते आधीच सांगावे. म्हणजे येणारे तोंडास पट्टी व हातांत मोजे घालून येतील. विसर पडला तर मागाहून तरी कळवावे. कारण वेळीच कळल्यास त्यांस औषधोपचार करिता येतो. परंतु रोग्याचे नाव चावडीवर सांगत फिरू नये. ज्यास मदतीस यावयाचे आहे, त्यास सांगितले म्हणजे पुरे.