नामदार गोपाळ कृष्ण गोखले : राष्ट्राच्या जमाखर्चाचे राखणदार

काटकसर हा सद्गुण आपल्या ज्ञातीच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला आहे. परंतु काटकसर कशासाठी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर सर्वच घरांत सारखे मिळत नाही. कोणी संचयासाठी काटकसर करतो, कोणी लोकलज्जेस्तव करतो, तर कोणी मुलाबाळांच्या शिक्षणासाठी करतो. घरचा हाच प्रश्न ज्यांनी एका अवाढव्य साम्राज्याच्या सरकारला विचारला आणि आकड्यांच्या आधारे वर्षानुवर्षे विचारीत राहिले, ते थोर पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, कोतळूक या खेडेगावी झाला. घरची स्थिती बेताची होती. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 साली ते निवर्तले तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत साऱ्या कुटुंबाचा निर्वाह होत असे. त्या आठ रुपयांची किंमत गोपाळराव कधीही विसरले नाहीत. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करणारा हा विद्यार्थी 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. एवढ्या कष्टाने मिळविलेल्या पदवीचे सोने करण्याचे मार्ग मोकळे असताही त्यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर अध्यापनाचे व्रत स्वीकारले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून लागले. हिशेबाची ही आवडच पुढे त्यांच्या राष्ट्रसेवेचे साधन ठरली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभणे हे गोपाळरावांच्या आयुष्यातील परमभाग्य होय. त्या काळी जनतेचे म्हणणे सरकारच्या कानी घालण्याचे साधन म्हणजे जाहीर सभा आणि अर्ज. पुण्याची सार्वजनिक सभा 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झाली. तिच्या पंचाण्णव सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे होती, आणि गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्राण होते. 1890 साली गोपाळराव या सभेचे चिटणीस झाले आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी पाहिले. लोकांनी एकत्र जमावे, कराचा बोजा आणि सरकारी खर्चाची वाढ यांविषयी ठराव करावे, ते मुंबई, कलकत्ता व लंडन येथे धाडावे, असा तो क्रम होता. राष्ट्रीय सभेनेही 1885 च्या मुंबईतील पहिल्याच अधिवेशनात वाढत्या लष्करी खर्चास विरोध दर्शविला होता. 1890 च्या कलकत्ता अधिवेशनात मिठावरील कराविरुद्ध गोपाळरावांचा आवाज उठला. तथापि जाहीर सभेत टाळ्या मिळविणे निराळे आणि सरकारच्याच हिशेबवह्यांतून सरकारला निरुत्तर करणे निराळे, हे त्यांनी रानड्यांपाशी राहून ओळखले होते. रानड्यांनी स्वतः 1886 च्या फडणिशी समितीवर काम करून सरकारी खर्चाची छाननी केली होती. सोलापूरचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हेही अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक. त्यांनी आकडेमोडीच्या कामी गोपाळरावांना अमोल साहाय्य केले. पडद्याआड राहिलेल्या या शिक्षकाचे स्मरण येथे केलेच पाहिजे.

1897 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतच, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यास गोपाळराव लंडनला गेले. दादाभाई नौरोजी त्या कमिशनाचे सभासद होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी झाल्या. गोपाळरावांनी मांडलेला मुद्दा सरळ होता. लष्कराचा खर्च, बड्या युरोपियन अधिकाऱ्यांचे पगार आणि विलायतेत भरावयाची देणी सतत फुगत चालली आहेत. ज्या प्रजेच्या पैशातून हे सारे चालते, तिला त्या खर्चाविषयी मत देण्याचा अधिकार मात्र नाही. जेथे खर्चावर लोकांचा अंकुश नाही, तेथे काटकसर होणार तरी कशी?

विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर या भागांतील आपले सभासद ज्या लोहमार्गाने नित्य ये-जा करतात, त्याच्याशीही या प्रश्नाचा संबंध आहे. कल्याणहून पुढे खोपोलीच्या दिशेने जाणारा हा मार्ग 1856 साली सुरू झाला. तो बांधणाऱ्या जी. आय. पी. कंपनीला सरकारने भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती. नफा कमी पडला तर ती तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरून निघे. लोहमार्ग उपयोगी आहेत हे गोपाळराव मान्य करीत. परंतु पाटबंधारे आणि शाळा मागे ठेवून सारा ओघ लोहमार्गांकडे वळविणे त्यांना न्याय्य वाटत नसे.

याच लंडनच्या मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताविषयी आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सैनिकांविरुद्ध तक्रारी मांडल्या. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी उघड माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना दूषणे दिली. त्यांनी ती सोसली आणि कामाला लागले.

1901 साली ते वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले. 26 मार्च 1902 रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. दुष्काळाने देश होरपळून निघाला असता सरकार सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवीत होते आणि ती भरभराटीची खूण मानीत होते. गोपाळरावांनी या समजाचे मूळच उपटले. रुपयाचा भाव घसरला तेव्हा तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले होते. 1888 साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला, तो याच काळात. पुढे रुपयाचा भाव सावरला, पण कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला पैसा होय, आणि तो रयतेलाच परत गेला पाहिजे, असे त्यांनी सिद्ध केले. 1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीड रुपयावर आणि 1907 मध्ये एक रुपयावर. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे योग्य नव्हे. परंतु दरवर्षी हा प्रश्न धसास लावणारा त्यांच्याइतका चिवट वकील गरिबाच्या मिठाला दुसरा मिळाला नाही.

सरकारी कर्जाविषयीचे त्यांचे मत विशेष मननीय आहे. शिल्लक उरली की ती कर्जफेडीत अगर लोहमार्गांत घालावी, असा सरकारचा कल असे. वरवर पाहता हा शहाणपणाचा व्यवहार वाटतो. गोपाळरावांनी कर्जाचे पोट तपासून पाहिले. बहुतेक कर्ज लोहमार्ग व कालवे यांसाठी काढलेले असून निष्फळ कर्जाचा भाग लहान आहे, हे त्यांनी दाखविले. पाचांतील चार खेड्यांत शाळा नसताना आजच्या गरिबाला उपाशी ठेवून एवढ्या घाईने कर्ज फेडण्यात कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. लष्कर व बड्या पगारांचा खर्च कमी करा आणि वाचलेला पैसा शिक्षण व आरोग्य यांकडे वळवा, हेच त्यांच्या मागणीचे सार होय. 1911 साली वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीचा ठराव त्यांनी मांडला, आणि त्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही आणले. या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. 1912 साली ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे ठाऊक असूनही त्यांनी ते नेटाने लढविले.

अतिश्रमांनी प्रकृती खंगली, आणि 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

अशा पुरुषाने आपल्या ज्ञातीत जन्म घेतला याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र ज्या शाळा त्यांनी मागितल्या त्या कोणा एका ज्ञातीच्या मुलांसाठी नव्हत्या, सर्वांच्या मुलांसाठी होत्या, हेही विसरू नये. मंडळाच्या वार्षिक हिशेबात शिल्लक दिसली की आपणांस समाधान वाटते. ती शिल्लक कोणाच्या वर्गणीतून आली आणि कोणाच्या मुलाच्या वह्यापुस्तकांस उपयोगी पडली, हे दोन प्रश्न प्रत्येक सभासदाने वार्षिक सभेत उभे राहून विचारावे. गोविंदरावांच्या आठ रुपयांतून एक गोखले घडले. आपल्या शिल्लकेतून कोण घडणार आहे, हे आपणच ठरवावयाचे आहे.