हिशेबनिसाची सती : सयाजी ऊ बा खिन



आजचं वाचन महासतिपट्ठान सुत्तातल्या संपजञ्ञ भागाचं. पुढे जाताना, मागे वळून बघताना, चीवर नेसताना, जेवताना, बोलताना, गप्प बसताना, अगदी शौचाला जातानासुद्धा भान ठेवायचं, असं भगवंतांनी इथे सांगितलंय. पण ही यादी भिक्खूच्या दिवसाची आहे. आपल्या दिवसात स्टँडअप, ईमेल, लोकलची गर्दी आणि ईएमआय असतो. तिथे हे कसं बसवायचं? बरेच जण म्हणतात, पुढे वेळ मिळाला की करू. हे वाक्य ऐकलं की मला रंगूनचे एक सरकारी हिशेबनीस आठवतात. म्हणून आज सुत्ताचा अर्थ थोडा, त्यांच्याबद्दल जास्त.

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ चा, साध्या कष्टकरी घरातला. शाळेत हुशार, शिष्यवृत्तीही मिळाली, पण घर चालवायचं म्हणून कॉलेजचा विचार सोडून नोकरी धरली. थोडे दिवस एका वर्तमानपत्रात, मग महालेखापालांच्या ऑफिसात कारकून. खात्याच्या परीक्षा देत देत वर चढले. बायको, मुलं, बढती. तुमच्याआमच्यासारखंच सगळं.

जानेवारी १९३७ मध्ये ओळखीच्या एका साधकाने त्यांना आनापान दाखवलं, म्हणजे येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा. मन असं एकाग्र होतं हे पाहून ते चकित झाले आणि आठवड्याभरात दहा दिवसांची रजा टाकून नदीपलीकडे सया तेजी यांच्या केंद्रावर गेले. हे गुरू भिक्खू नव्हते, शेतकरी होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. म्हणजे गृहस्थाने गृहस्थाला शिकवायची ही परंपरा ऊ बा खिन यांच्या आधीच सुरू झाली होती.

पुढचा प्रसंग १९४१ चा. तेव्हा ते रेल्वेचे हिशेब बघायचे आणि तपासणीसाठी स्वतंत्र डब्यातून फिरायचे. एका दौऱ्यात अचानक वेबू सयाडो या थोर भिक्खूंची भेट झाली. दोघांचं साधनेवर बोलणं झालं आणि सयाडोंनी सांगितलं, तुम्ही आता शिकवायला लागा. यांना अजिबात अपेक्षा नव्हती. पण पहिला विद्यार्थी स्टेशनवरच मिळाला, तिथला सहायक स्टेशनमास्तर. आणि पहिलं शिबिरस्थळ? तोच रेल्वेचा डबा. मी लोकलमध्ये उभा असतो तेव्हा हा डबा डोळ्यांसमोर येतो.

४ जानेवारी १९४८ ला बर्मा स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन देशाचे महालेखापाल झाले. साधना सोडायला याहून चांगलं कारण कुणाला मिळणार! त्यांनी उलटं केलं. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनाच विपश्यना शिकवायला घेतली. १९५२ मध्ये रंगूनमध्ये केंद्र उभं राहिलं, तेही नोकरी सांभाळून. एके काळी त्यांच्याकडे तीन खाती एकदम होती, एकदा तर चार. निवृत्तीचं वय झालं तरी सरकार त्यांना सोडेना. पूर्ण निवृत्ती मिळाली १९६७ ला. कडक साहेब म्हणून ते प्रसिद्ध होते आणि हिशेबात खोट चालायची नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आजकाल माइंडफुलनेस ॲपवर मिळतं, दहा मिनिटं, झोप छान लागावी म्हणून. वाईट काही नाही त्यात. पण ऊ बा खिन यांच्या शिबिराची सुरुवात श्वासाने होत नसे, पंचशीलाने होत असे. आधी शील, मग समाधी, मग शरीरावरच्या संवेदनांमधून अनिच्च अनुभवणं. क्रम बदलायचा नाही. ज्या माणसाच्या सहीवर सरकारी पैसा हलतो, त्याच्यासाठी दुसरं शील, न दिलेलं न घेण्याचं, टेबलावर रोज समोर येतं. श्वासाचं भान आहे आणि व्हाउचरचं नाही, अशी सती त्यांना मान्यच नव्हती, असं मी त्यांच्या आयुष्यावरून समजतो.

१९५५ मध्ये एक भारतीय वंशाचे उद्योजक त्यांच्याकडे आले. मायग्रेन इतका, की मॉर्फिन घ्यावं लागे. ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला. डोकेदुखी घालवायला धम्म नाही. मन शुद्ध करायला येणार असाल तर या, असं त्यांचं म्हणणं. मोठं गिऱ्हाईक परत पाठवायची हिंमत बघा! ते उद्योजक म्हणजे सत्यनारायण गोएंका. काही महिने विचार करून ते परत आले आणि चौदा वर्षं शिकले.

ही विद्या भारतातून बर्मात आली, ते ऋण फेडायचंय, असं सयाजींना कायम वाटायचं. स्वतः भारतात येण्याची त्यांची फार इच्छा होती, पण ते जमलं नाही. जुलै १९६९ मध्ये गोएंकाजींनी मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर घेतलं. ती बातमी रंगूनला पोहोचली तेव्हा सयाजी हयात होते. १९ जानेवारी १९७१ ला ते गेले. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं.

उद्या याच सुत्तातला पुढचा भाग, पटिक्कूलमनसिकार. जरा जड आहे, सकाळी वाचा.