दिवस मोजायला शिकवणारा पोलीस

कामठी म्हटले की नागपूरकरांना लष्कराची छावणी आठवते, कन्हान नदी आठवते. मला मात्र तिथे २२ मे १९१६ रोजी जन्मलेला एक पारशी मुलगा आठवतो. खुसरो फरामर्ज रुस्तमजी हे त्यांचे नाव. नागपुरात शिकून १९३८ साली ते पोलीस सेवेत दाखल झाले. मी फौजदार झालो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. त्यांच्या हाताखाली मी एक दिवसही काम केले नाही की कधी त्यांना भेटलो नाही. तरीही तुमचे गुरू कोण, असे कोणी विचारले तर माझ्या ओठावर त्यांचेच नाव येते. त्याला कारण आहे माझा एक चुकलेला हिशेब. तो शेवटी सांगतो.

रुस्तमजींची नोकरी म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या तीन दशकांचा इतिहासच. १९५२ पासून सहा वर्षे ते पंतप्रधान नेहरूंचे मुख्य सुरक्षा अधिकारी होते. बंदोबस्ताचे कडे तोडून माणसांत मिसळणाऱ्या नेत्याला सांभाळायचे म्हणजे तारेवरची कसरत. १९५५ साली नागपुरातच एक रिक्षावाला चाकू घेऊन नेहरूंच्या मोटारीवर चढला होता. सुदैवाने नेहरूंना इजा झाली नाही.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक झाले आणि चंबळचे खोरे त्यांच्या वाट्याला आले. गब्बरसिंग हे नाव १९७५ साली 'शोले'ने घरोघरी पोहोचवले. पण खरा गब्बर त्या खोऱ्यात गावकऱ्यांची नाके कापत फिरत असे. १९५९ च्या नोव्हेंबरात तो पोलिसांच्या गोळीने मेला. पुढच्याच वर्षी विनोबा त्या खोऱ्यात गेले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. साऱ्या देशाला गहिवरून आले असताना रुस्तमजींनी मात्र उघड नाराजी नोंदवली. दरोडेखोरांचा असा गौरव झाला तर जिवावर उदार होऊन लढलेल्या शिपायाने काय समजायचे, हा त्यांचा सवाल होता. विनोबांसारख्या संताशी मतभेद जाहीर करायला धैर्य लागते.

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या सीमेवरील चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. सीमेची राखण निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांवर सोपवून भागणार नाही, हे तेव्हा दिल्लीला उमगले. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले आणि त्याची उभारणी रुस्तमजींकडे आली. १९७४ पर्यंत ते या दलाचे प्रमुख होते. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्यात मुक्तिवाहिनीला पहिला हात दिला तो याच दलाने. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून तटरक्षक दल उभे राहिले.

एवढे झाल्यावर कोणीही आरामखुर्चीत बसला असता. रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले आणि त्या कामासाठी बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे त्यांना दिसले ते कच्चे कैदी. ज्यांचा खटलाच उभा राहिला नाही, अशी माणसे वर्षानुवर्षे आत होती. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कित्येकांनी आत काढला होता. जामिनाला पैसे नव्हते, वकील नव्हता, आठवण ठेवणारे कोणी नव्हते. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी यावर वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून दिल्लीच्या वकील कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हाच तो हुसैनआरा खातून खटला. खटला लवकर चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि हजारो कैद्यांना तुरुंगाचे दार उघडले.

आता माझा हिशेब. नोकरीची पहिलीच वर्षे. सायकलचोरीच्या गुन्ह्यात मी एका परगावच्या मजुराला पकडले होते. साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे मला पाठ होते. पण सणावारांचे बंदोबस्त आले, मोर्चे आले आणि कागद कपाटात राहिले. मजुराला हा हक्क कोणी सांगितला नाही. सांगितला असता तरी त्याला जामीनदार कुठून मिळणार? बिहारच्या कैद्यांची बातमी मी चहा पिताना वाचली, आणि घोट घशातच अडकला. ठाण्यावर जाऊन दिवस मोजले. पाच महिने होऊन गेले होते. तो बिहार माझ्याच कपाटात होता.

आठवड्याभरात कागद न्यायालयात गेले. त्याने गुन्हा कबूल केला आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरून त्याला सोडण्यात आले. बाहेर येताना त्याने मला वाकून नमस्कार केला. साहेबांनी आपल्याला सोडवले, अशी त्याची समजूत होती. त्या नमस्काराची लाज अजून गेलेली नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलावरच्या वहीत प्रत्येक आरोपीपुढे अटकेची तारीख आणि साठावा किंवा नव्वदावा दिवस लाल शाईने लिहिलेला असे.

रुस्तमजींना १९९१ साली पद्मविभूषण मिळाले आणि २००३ मध्ये ते गेले. नोकरीत लागल्यापासून लिहिलेल्या त्यांच्या रोजनिशींतून पी. व्ही. राजगोपाल या पोलीस अधिकाऱ्याने पुढे पुस्तके सिद्ध केली. लोक त्यांना नेहरूंची सावली म्हणून, सीमेचे शिल्पकार म्हणून ओळखतात, आणि ते योग्यच आहे. पण दरोडेखोरांबाबत तसूभर न झुकलेला हा माणूस विनाखटला कोंडलेल्या गरिबासाठी लेखणी घेऊन उभा राहिला, यात मला विसंगती दिसत नाही. कायदा कडक हवा, असे मनापासून वाटणाऱ्यालाच तो आपल्या खात्याकडूनही पाळला जावा असे वाटते.

ती वही अजून माझ्याकडे आहे. कधीतरी उघडतो आणि लाल शाईतले दिवस पुन्हा मोजतो. पहिल्या पानावर मात्र त्या मजुराचे नाव आहे, आणि त्यापुढची जागा कोरी आहे.