विश्लेषण : दुसऱ्यांच्या तोफा 'ड्रेडनॉट'वर का बसवल्या?
जॉन फिशर यांचा जन्म १८४१चा, सिलोनमधला. १३व्या वर्षी ते ब्रिटिश नौदलात गेले, १९०४ मध्ये नौदलप्रमुख झाले. १२ इंची १० तोफांची 'ड्रेडनॉट' त्यांना वर्षभरात हवी होती. अडचण टरेटची, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजांची होती. जहाजाचा सांगाडा लवकर उभा राहतो. टरेट बनवायला जास्त वेळ लागतो. म्हणून 'लॉर्ड नेल्सन' आणि 'ॲगामेम्नॉन'साठी मागवलेले टरेट इकडे वळवले. ऑक्टोबर १९०५ मध्ये बांधणी सुरू झालेली 'ड्रेडनॉट' डिसेंबर १९०६ मध्ये सेवेत आली. त्या दोघी मात्र १९०८ पर्यंत रखडल्या. शिवाय ब्रिटनच्याच जुन्या युद्धनौका कालबाह्य ठरल्या आणि जर्मनीलाही नव्याने शर्यतीत उतरता आले. दार्दानेल्स मोहिमेच्या वादातून फिशर यांनी १९१५ मध्ये राजीनामा दिला. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले.