संत जनाबाई

वारकरी संप्रदायातील थोर संत कवयित्री जनाबाई यांचा जन्म तेराव्या शतकात गोदावरीच्या तीरावरील गंगाखेड (जि. परभणी) येथे झाला. पित्याचे नाव दमा व मातेचे नाव करुंड. उभयता परम विठ्ठलभक्त होते.

जनाबाईंच्या बालपणीच मातेचे निधन झाले. पित्याने लहानग्या जनीस पंढरपुरास आणून दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले. पुढे पितृछत्रही हरपले. दामाशेटी व गोणाई यांचे पुत्र म्हणजेच संतशिरोमणी नामदेव महाराज. बाल नामदेवांचा सांभाळ जनाबाईंनी केला, असे परंपरा सांगते.

दळण, कांडण, झाडलोट, धुणी, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे या कामांत जनाबाईंचा दिवस सरत असे. घर माणसांनी भरलेले होते. परंतु माहेर नाही, सासर नाही, हक्काने हाक मारावी असे रक्ताचे कोणी नाही. आईबाप गेले, आता देवा तूच मला सांभाळ, अशा आशयाची आर्त विनवणी त्यांच्या अभंगांत आढळते.

पांडुरंगाने ही हाक ऐकली. पहाटे जनाबाई दळावयास बसल्या की देव जात्याचा खुंटा धरी, त्यांच्यासवे पाणी भरी, गोवऱ्या वेची, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आईवाचून वाढलेल्या या लेकीचे केसही विठाबाई माउली होऊन देवानेच विंचरले. ज्या कामांत एकटेपण अधिक जाणवावे, त्याच कामांत त्यांना देवाची सोबत लाभली. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी जात्यावरील ओव्यांतून जनीचे हे भाग्य पिढ्यान्पिढ्या गाइले आहे.

नामदेव महाराजांना जनाबाईंनी गुरू मानले. त्यांच्यामुळे निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव, मुक्ताबाई, गोरोबाकाका, चोखोबा अशा संतमंडळींचा प्रेमळ सहवास त्यांना लाभला. विठ्ठल हा लेकुरवाळा पिता आणि सर्व संत ही त्याची अंगाखांद्यावर खेळणारी मुले, असे हृद्य चित्र जनाबाईंच्या नावावरील सुप्रसिद्ध अभंगात रेखाटले आहे. ज्यांना स्वतःचे कुटुंब उरले नव्हते, त्यांनीच साऱ्या संतांना एका कुटुंबात गुंफले. त्यांचे सुमारे साडेतीनशे अभंग उपलब्ध असून ते नामदेव गाथेत समाविष्ट आहेत. स्वतःचा उल्लेख त्या नामयाची दासी असा करीत.

शके १२७२ (इ. स. १३५०) च्या आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेव महाराजांनी श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली. त्यांच्या परिवारासमवेत जनाबाईही त्याच दिवशी समाधिस्थ झाल्या, असे मानले जाते. पोरकेपणी दासी म्हणून त्या घरी आलेली जनी अखेरीस त्याच घरची होऊन देवाच्या पायरीशी विसावली.

पंढरपूरनजीक गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून जाते दाखविले जाते. आषाढी पौर्णिमेस तेथे गोपाळकाला होतो. गंगाखेड येथेही त्यांचे मंदिर आहे. पंढरीस येणाऱ्या भाविकांनी नामदेव पायरीचे दर्शन घेऊन गोपाळपुरास अवश्य जावे. जात्याच्या खुंट्याला हात लावताना आपल्या घरातील, शेजारातील एकट्या जिवाचेही स्मरण करावे. जनाबाईंना ती सेवा खचितच रुजू होईल.