एडिसन आणि वीज साठवणारी पेटी

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आठवतो. पण ऐन उमेदीनंतरची त्यांची जवळजवळ दहा वर्षे एका पोलादी पेटीने खाल्ली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

१८४७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात जन्मलेल्या एडिसन यांना लहानपणापासून कमी ऐकू येई. शाळाही थोडकीच झाली. १८८२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही; जेवढा वापर, तेवढीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. हे गणित चुकले की दिवे मंदावतात. आज सौर आणि पवन विजेपुढे उभा असलेला प्रश्न हाच आहे. ऊन दुपारी असते, मागणी संध्याकाळी वाढते आणि ढग आला की वीज काही क्षणांत घटते.

त्या काळी शिसे आणि गंधकाम्लाच्या बॅटऱ्या होत्या, पण जड. शिवाय शिशाची धूळ अंगात भिनली की कामगारांना रक्तक्षय होई, पोटात कळा येत, मनगट लुळे पडे. एडिसन यांनी १८९९ च्या सुमारास शिसे आणि आम्ल दोन्ही वगळून निकेल, लोखंड आणि क्षारयुक्त द्रावण यांची बॅटरी हाती घेतली. याच वाटेने स्वीडनचे युंगनर हेही चालले होते. त्यांचे नाव मात्र मागे पडले.

१९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली आणि फसली. डब्यांचे सांधे गळू लागले, साठवणक्षमता घसरू लागली. एडिसन यांनी उत्पादन थांबवले. त्याच सुमारास, १९०४ मध्ये, त्यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली वारले. क्ष-किरणांच्या प्रयोगांत वर्षानुवर्षे हात भाजून त्यांना कर्करोग झाला होता. दोन्ही हात कापूनही जीव वाचला नाही. एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले. बॅटरी मात्र सोडली नाही. ग्रॅफाइटऐवजी निकेलचे पातळ पापुद्रे वापरून, डबे नव्याने जोडून १९०९ च्या सुमारास त्यांनी ती पुन्हा आणली. ही चिकाटी की हट्ट, हे ठरवणे अवघड आहे.

ती टिकाऊ निघाली, पण थंडीत एकदम जोराचा प्रवाह देणे तिला जमेना. १९१२ मध्ये मोटारींना विजेचा स्टार्टर आला आणि तिथे शिशाची बॅटरीच चालली. एडिसन यांची बॅटरी खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वेत स्थिरावली.

पाणबुडीसाठीही ती सुरक्षित वाटली. समुद्राचे पाणी आम्लाच्या बॅटरीत शिरले की क्लोरीन सुटतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. इथे आम्लच नव्हते. पण चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या गोदीत ‘ई-२’ पाणबुडीत तो साठला आणि स्फोट झाला. त्यात माणसे दगावली. बॅटरीच्या खोलीत वारा खेळता ठेवणे आणि वायूवर नजर ठेवणे किती निकडीचे असते, ते त्या दिवशी दिसले. आज वीजजाळ्याला आधार देणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांच्या कंटेनरमध्येही तापमान आणि वायू मोजणारी यंत्रे बसवतात.

एडिसन १९३१ मध्ये मधुमेहाच्या गुंतागुंतीने वेस्ट ऑरेंज येथील घरी वारले. त्यांच्या पोलादी पेट्या त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत होत्या.