होरेस मॅन

होरेस मॅन (४ मे, १७९६ – २ ऑगस्ट, १८५९) हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव, वकील व राजकारणी होते. सार्वजनिक शाळांचा कारभार कोणाच्या हाती असावा, या अमेरिकेतील जुन्या वादाला त्यांच्या कारकिर्दीत निर्णायक वळण मिळाले.

पूर्वायुष्य

मॅन यांचा जन्म फ्रँकलिन या गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते तेरा वर्षांचे असताना वडील वारले. लहानपणी वर्षाकाठी जेमतेम दहा आठवडे शाळा त्यांच्या वाट्याला येई. पुष्कळसे वाचन झाले ते बेंजामिन फ्रँकलिन यांनी गावाला दिलेल्या ग्रंथसंग्रहातून. १८१९ मध्ये ब्राउन विद्यापीठाची पदवी घेऊन ते पुढे वकील झाले. १८२७ पासून ते राज्याच्या विधिमंडळात होते आणि १८३६ मध्ये तेथील सिनेटचे अध्यक्ष झाले. पहिल्या पत्नी शार्लट लग्नानंतर दोनच वर्षांत, १८३२ मध्ये निवर्तल्या.

शालेय जिल्हे आणि मंडळ

त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक टाऊनचे लहान लहान शालेय जिल्हे पाडलेले असत. हा जिल्हा म्हणजे आपल्याकडील जिल्हा नव्हे. एका शाळेपुरती वस्ती, एवढाच त्याचा आवाका. १७८९ च्या कायद्याने या पद्धतीस मान्यता मिळाली होती. १८२७ मध्ये शिक्षक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याने निवडलेल्या व्यवस्थापक सभासदाकडे गेला. टाऊनची शाळा समिती उमेदवाराची परीक्षा घेई खरी, पण निवड तिच्या हाती नसे. गरीब जिल्ह्यात शाळा थोडेच आठवडे चाले, इमारत पडकी असे आणि वेतन कमी असल्याने शिक्षक टिकत नसे. १७८९ चा तो कायदा मॅन यांना अत्यंत घातक वाटे.

१८३७ मध्ये राज्य शिक्षण मंडळ स्थापन झाले. सिनेटचे अध्यक्षपद आणि चालती वकिली सोडून मॅन यांनी वार्षिक १,५०० डॉलर वेतनाचे सचिवपद पत्करले. मंडळाला शाळांवर हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता; माहिती गोळा करणे आणि शिफारस करणे, एवढेच त्याचे काम. हा दुबळेपणाच मॅन यांनी हत्यारासारखा वापरला. ते परगण्यापरगण्यांतून फिरले, सभा घेतल्या, शाळागृहांच्या दुरवस्थेवर स्वतंत्र अहवाल लिहिला. १८३८ पासून शाळा समित्यांना तपशीलवार वार्षिक अहवाल देणे भाग पडले. त्यांतील निवडक उतारे मॅन छापून काढीत, त्यामुळे एका गावची हयगय दुसऱ्या गावाला कळू लागली. तपासनिसाच्या शेऱ्याची सवय असलेल्या आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. तेव्हा ते नवे होते.

एडमंड ड्वाइट यांनी दिलेल्या १०,००० डॉलरमध्ये राज्याने तेवढीच भर घातली आणि १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे अमेरिकेतील पहिले सरकारी अध्यापक विद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या अवघ्या तीन.

विरोध

१८४० मध्ये मंडळ व अध्यापक विद्यालये बंद करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात आला. गावाच्या शाळेवर राजधानीची सत्ता नको, हा त्यामागील मुख्य आक्षेप. तो केवळ आडमुठेपणा होता असे म्हणता येत नाही. करही गावच देत होते. प्रस्ताव १८२ विरुद्ध २४५ मतांनी फेटाळला गेला. शाळेत कोणत्याही एका पंथाची शिकवण नको, या मॅन यांच्या भूमिकेने सनातनी धर्मोपदेशकही दुखावले.

१८४३ मध्ये मेरी पीबॉडी यांच्याशी विवाह करून ते युरोपला गेले. परतल्यावर सातव्या अहवालात त्यांनी प्रशियातील शिक्षकांची स्तुती केली. हा आपल्यावर ठपका आहे असे मानून बॉस्टनच्या ३१ मुख्य शिक्षकांनी त्यांच्याविरुद्ध पुस्तिका काढली. छडीचा वापर हा या वादातील सर्वांत तिखट मुद्दा ठरला. १८४५ मध्ये बॉस्टनच्या शाळांची छापील प्रश्नांवर लेखी परीक्षा घेण्यात आली आणि तिचा निकाल निराशाजनक लागला.

अखेरची वर्षे

१८४८ मध्ये, बारा वार्षिक अहवालांनंतर, त्यांनी सचिवपद सोडले. जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर ते काँग्रेसमध्ये गेले व तेथे गुलामगिरीविरुद्ध झगडले. १८५२ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ते हरले. त्यानंतर ते ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तेथेच यलो स्प्रिंग्ज येथे त्यांचा मृत्यू झाला. मॅसॅच्युसेट्समधील जिल्हा पद्धती मात्र त्यांच्या हयातीत गेली नाही. ती कायद्याने कायमची रद्द झाली १८८२ मध्ये.